इंधन कमी पडते आहे की धूर अडला आहे?

फ्युएल इंजेक्शन असलेल्या जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकच्या बाबतीत एक तक्रार वारंवार येते. गाडी चटकन सुरू होते, उभ्या जागी इंजिन सुरळीत चालते आणि सपाट रस्त्यावर मध्यम वेगातही काही बिघाड जाणवत नाही. मात्र चढ लागला, मागे ओझे असले किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी उठत नाही. अशा वेळी दोन दोषांची शक्यता सारखीच असते आणि ते दोष इंजिनाच्या दोन विरुद्ध टोकांना असतात. एक म्हणजे टाकीतला पंप थकल्यामुळे किंवा फिल्टर तुंबल्यामुळे इंधन कमी पडणे. दुसरा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या नळीतला, धुरातील विषारी वायू कमी करणारा जाळीदार भाग) चोक झाल्यामुळे जळालेला वायू बाहेर पडण्यास अडथळा होणे. दुसऱ्या प्रकारात सिलिंडरमध्ये जुना वायू साचून राहतो, त्यामुळे ताज्या हवेला जागाच उरत नाही. चालकाला दोन्हींत एकच गोष्ट जाणवते आणि म्हणूनच अनेकदा चांगला पंप काढून नवा बसवला जातो.

दोन्ही दोष आयडलिंगवर, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, का लपतात, हे आधी समजून घेतलेले बरे. उभ्या गाडीत इंजिन अत्यंत थोडी हवा व थोडे इंधन वापरते, त्यामुळे अर्धमेला पंपही तेवढी गरज भागवतो आणि अर्धा तुंबलेला कन्व्हर्टरही तेवढा वायू वाहून नेतो. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, हवेची आणि इंधनाची मागणी अनेक पटींनी वाढते, आणि त्रुटी तेव्हाच उघडी पडते. त्यामुळे उभ्या गाडीवर केलेली कोणतीही चाचणी ‘सर्व ठीक’ म्हणाली, तरी तिच्यावर लगेच विसंबू नये.

चालवताना काही फरक जाणवतात, पण त्यांना पुरावा न मानता केवळ इशारा मानावे. इंधन कमी पडत असेल तर गाडी बहुधा झटके मारते, वेग घेता घेता क्षणभर मागे खेचल्यासारखी वाटते आणि कधी इनटेकमधून (हवा आत घेणाऱ्या मार्गातून) फट् असा आवाज येतो. टाकीत इंधन कमी असताना किंवा लांबच्या प्रवासात हा त्रास वाढला, तर संशय पंपावर जातो, कारण टाकीतला पंप भोवतालच्या इंधनानेच थंड राहतो. याउलट एक्झॉस्ट अडला असेल तर झटके सहसा नसतात. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी एका ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन जातच नाही आणि ही मर्यादा आठवड्यागणिक खाली येत जाते. पायाखालचा भाग नेहमीपेक्षा अधिक तापणे हेही त्याचेच लक्षण आहे.

खरा निवाडा मात्र एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन ओळखणारा ऑक्सिजन सेन्सर करतो. जुन्या गाड्यांतील झिरकोनिया सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान संकेत देतो: मिश्रणात इंधन कमी असेल तर आकडा खाली, जास्त असेल तर वर. सामान्य चालीत इंजिनाचा संगणक हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो आणि हा संकेत वर-खाली होत राहतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र संगणक मुद्दाम मिश्रण गडद करतो, म्हणजे इंधनाचे प्रमाण वाढवतो, त्यामुळे निरोगी इंजिनात आकडा ०.८ व्होल्टच्या वर जाऊन तिथेच टिकतो. सुरक्षित रस्त्यावर, दुसरी व्यक्ती स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण) पाहत असताना, पूर्ण थ्रॉटल देऊन हा एकच आकडा तपासावा. गाडी उठत नाही आणि आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास कोसळतो, तर इंधन कमी पडते आहे. गाडी उठत नाही, पण आकडा वरच टिकून आहे, तर जेवढी हवा आत येते आहे तेवढ्यापुरते इंधन पुरेसे आहे. म्हणजे तुटवडा हवेचा आहे आणि एक्झॉस्टकडे वळावे. माझ्या मते कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे. तिला एक अपवाद आहे: एखादा सिलिंडर ठिणगीअभावी मिसिंग करत असेल, तर न वापरलेला ऑक्सिजन थेट सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि इंधन पुरेसे असूनही आकडा खाली दिसतो. म्हणून प्लग, वायर आणि कॉइल आधी पाहून घ्यावेत.

फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ किंवा घट करतो आहे त्याचे, आकडेही याच दिशेने बोलतात. पंप थकलेला असेल तर आयडलिंगवर ट्रिम शून्याजवळ असतो, भार वाढतो तसा तो अधिककडे सरकतो आणि १० टक्क्यांच्या पुढे गेला की दखल घ्यावी लागते. (हवेची गळती असेल तर चित्र नेमके उलटे असते, म्हणजे आयडलिंगवर ट्रिम जास्त आणि वेग वाढला की कमी.) एक्झॉस्ट अडलेल्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल, तर कमी झालेली हवा मोजूनच इंधन दिले जाते आणि ट्रिम जवळजवळ निर्दोष दिसतो. ज्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) दाबावरून हवेचा अंदाज बांधला जातो, तिथे मात्र संगणकाला प्रत्यक्षापेक्षा जास्त हवा आहे असे वाटते, तो इंधन जास्त देतो आणि ट्रिम उणेकडे जातो. व्ही आकाराच्या इंजिनात प्रत्येक बाजूला स्वतंत्र कन्व्हर्टर असेल तर आणखी एक खूण मिळते. पंप दोन्ही बाजूंना एकच असल्यामुळे त्याचा दोष दोन्ही बाजूंच्या ट्रिममध्ये सारखाच उमटतो, आणि पी ०१७१ व पी ०१७४ हे, एकेका बाजूला इंधन कमी पडत असल्याचे सांगणारे संगणकाचे दोष-कोड बहुधा जोडीने येतात. एकच बाजू चोक असेल तर मास एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत ती बाजू उणेकडे आणि मोकळी बाजू अधिककडे जाते.

कोडवर फार भिस्त ठेवू नये. पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरची रासायनिक क्षमता घटल्याचे सांगतो, तो तुंबल्याचे नव्हे; पूर्ण चोक झालेला कन्व्हर्टर एकही कोड न देता गाडीची ताकद खाऊ शकतो. शिवाय अमेरिकी बाजारात ओबीडी-२ (स्कॅनरने दोष वाचण्याची प्रमाणित पद्धत) हे १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचे झाले, आणि त्याआधीच्या बऱ्याच ट्रकमध्ये डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो हे मोजूनच कोड वाचावा लागतो. अशा गाडीत ट्रिम सहजी मिळत नाहीत. ऑक्सिजन सेन्सरच्या तारेला लावलेला मल्टिमीटर आणि दोन साधी गेज यांवरच काम भागवावे लागते.

पहिले गेज इंधनाच्या दाबाचे. अपेक्षित दाब गाडीच्या रचनेनुसार फार बदलतो: जनरल मोटर्सच्या जुन्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनमध्ये (हवेच्या मुखाशीच इंधन फवारणाऱ्या रचनेत) तो ९ ते १३ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) एवढाच असतो, तर त्याच कंपनीच्या १९९६ नंतरच्या व्होर्टेक इंजिनांना ६० पीएसआयच्या आसपास लागतो. म्हणून आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. गेज लांब नळीने बाहेर आणून काचेला बांधावे आणि गाडी चढावर चालवून पाहावी. मागणी वाढताच दाब खचला तर दोष इंधनाच्या बाजूचा आहे. तरीही पंप लगेच बदलू नये. आधी फिल्टर बदलावा आणि पंप चालू असताना त्याच्या जोडणीवर किती व्होल्ट पोहोचतात ते मोजावे, कारण जुन्या गाडीत गंजलेले अर्थिंग किंवा जळका रिले चांगल्या पंपालाही दुबळा करतो. या कामात दाबाखालील पेट्रोल उडू शकते, तेव्हा आधी दाब सोडावा आणि गरम एक्झॉस्टजवळ जोडणी उघडू नये.

दुसरे गेज व्हॅक्युमचे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारे. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच पारा दाखवते आणि उंची वाढते तसा हा आकडा दर १,००० फुटांना साधारण एक इंचाने घटतो. आरपीएम २,५०० वर स्थिर धरला की काटा क्षणभर पडून पुन्हा पूर्वीच्या जागी यायला हवा. तो हळूहळू खालीच सरकत राहिला तर एक्झॉस्ट अडलेला आहे. खात्रीसाठी कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचे गेज बसवावे. आयडलिंगला दाब दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत असावा. रबरी हातोड्याने ठोकल्यावर कन्व्हर्टर खुळखुळला तर आतली सिरॅमिक जाळी बहुधा फुटली आहे. पण वितळून गोळा झालेली जाळी आवाज करत नाही, त्यामुळे शांतता म्हणजे निर्दोषपणा नव्हे.

कधी कधी हे दोन्ही दोष एकाच गाडीत सापडतात आणि तो योगायोग नसतो. पंप थकला की पातळ (इंधन कमी असलेल्या) मिश्रणामुळे इंजिन मिसिंग करू लागते. न जळालेले इंधन व ऑक्सिजन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतात आणि तिथले तापमान जाळी वितळण्याइतके चढू शकते. ठिणगीच्या दोषानेही हेच होते, तर ऑइल जाळणाऱ्या इंजिनात जाळीची भोके राखेने हळूहळू बुजतात. म्हणून कन्व्हर्टर चोक आढळला तरी इंधनाचा दाब आणि इग्निशन तपासल्याशिवाय नवा बसवू नये, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो. जुन्याची जाळी फुटलेली निघाली, तर तिचे तुकडे वायूबरोबर पुढे वाहून सायलेन्सरमध्ये अडकलेले असू शकतात. त्यामुळे नवा कन्व्हर्टर बसवल्यावर एक्झॉस्टचा दाब पुन्हा मोजावा, आणि तो अजूनही जास्त आला तर सायलेन्सर उतरवून पाहावा.