पार्किन्सनच्या आजारातील लोह आणि प्रथिनसंचय

पार्किन्सनच्या आजारात, म्हणजे कंपवातात, मेंदूच्या ठरावीक भागांत दोन गोष्टी साचलेल्या आढळतात: लोह आणि अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन. आधी काय साचते यावर अजून वाद आहे. एकाचा साठा दुसऱ्याला खतपाणी घालतो, हे मात्र प्रयोगशाळेत बऱ्याच वाटांनी दिसून आले आहे.

निरोगी प्रौढाचा मध्यमेंदू आडवा कापला, तर दोन्ही बाजूंना काजळाची रेघ ओढावी तसा काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा सबस्टॅन्शिया नायग्रा. इथल्या चेतापेशी हालचालींसाठी लागणारे डोपामिन तयार करतात आणि वयाबरोबर त्यांच्यात न्यूरोमेलॅनिन हे गडद रंगद्रव्य जमत जाते. पार्किन्सनच्या रुग्णात हा पट्टा फिका पडलेला असतो, कारण रंग बाळगणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. उरलेल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, की काहींच्या आत गुलाबी गोल गाभा आणि त्याभोवती फिकट कडे दिसते. असे गोळे १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांनी मेंदूच्या दुसऱ्या भागांत पाहिले होते. सबस्टॅन्शिया नायग्रामधले गोळे १९१९ मध्ये ट्रेटियाकॉफ यांनी नोंदवले आणि त्यांना लेवींचे नाव दिले.

हे गोळे कशाचे, हे कळायला पाऊणशे वर्षे लागली. इटलीतील कॉन्टुर्सी गावाशी नाते असलेल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन दिसत होता. १९९७ मध्ये त्याचे मूळ अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकातील एका बदलात सापडले, आणि त्याच वर्षी लेवी गोळ्यांचा मुख्य घटकही हेच प्रथिन असल्याचे दिसले. हे १४० अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन एरवी चेतापेशीच्या टोकाशी, रसायनांच्या पिशव्यांजवळ वावरते. त्याची घडी बिघडली, की रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे धागे बनतात. २००३ मधला एक शोध तर अधिकच बोलका होता: एका कुटुंबात या जनुकाच्या जादा प्रती होत्या, प्रथिनात दोष काहीच नव्हता, तरीही आजार झाला. ते नुसते जास्त असणेही पुरेसे ठरले. उलट, काही आनुवंशिक प्रकारांत पेशी मरतात पण लेवी गोळे सापडत नाहीत. त्यामुळे गोळा हाच मारेकरी, असे सरसकट म्हणता येत नाही. लहान, अर्धवट जुळलेले पुंजके जास्त घातक आणि मोठा गोळा ही कचरा बांधून ठेवण्याची धडपड, असेही अनेक संशोधक मानतात.

रुग्णांच्या मेंदूत लोह वाढते हे १९२० च्या दशकात लक्षात आले होते. सबस्टॅन्शिया नायग्रामधली वाढ १९८० च्या दशकातील रासायनिक मोजमापांनी पक्की झाली. लोह तिथे मुळात असते ते कामासाठी. डोपामिन बनवण्याची पहिली पायरी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर पार पाडते, आणि त्याला लोहाशिवाय चालत नाही. वापरात नसलेले लोह फेरिटिन हे प्रथिन आणि न्यूरोमेलॅनिन धरून ठेवतात. ही कोठारे अपुरी पडली, की मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करते आणि अतिशय दाहक हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. हीच फेंटन अभिक्रिया. डोपामिनच्या विघटनातून पेरॉक्साइड बनतच असते, म्हणजे सरपण घरातच. या माऱ्यात पेशीपटलातील मेद खराब होतात. लोहामुळे अशा रीतीने होणाऱ्या पेशीमृत्यूला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळाले. ‘मेंदूला गंज चढतो’ ही उपमा लोकप्रिय आहे, पण फसवी: गंजात लोखंड स्वतः झिजते, इथे लोह शाबूत राहते आणि शेजारी जळतात.

दोन्ही साठ्यांची गाठ इथे पडते. लोहाच्या सान्निध्यात अल्फा-सिन्युक्लिन लवकर चिकटते. शिवाय या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे जनुकातली कृती प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणाऱ्या रेणूवर, लोहाला प्रतिसाद देणारा तुकडा आहे, त्यामुळे पेशीत लोह वाढले की प्रथिनाचे उत्पादनही वाढू शकते.

मग लोह काढून टाकले तर? थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरातले जादा लोह बाहेर काढणारे डेफेरिप्रोन हे औषध हाताशी होतेच. युरोपात, नुकतेच निदान झालेल्या आणि लिव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन बनणारे या आजारावरचे मुख्य औषध) सुरू न केलेल्या ३७२ रुग्णांवर ३६ आठवडे त्याची चाचणी झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एमआरआयमध्ये सबस्टॅन्शिया नायग्रामधले लोह घटलेले दिसले, पण औषध घेणाऱ्यांची लक्षणे औषध नसलेली गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त बिघडली. डोपामिन बनवणाऱ्या विकराचेच लोह हिरावले गेले, हे त्याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण. अस्वस्थ पायांच्या विकारात (रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम) मेंदूतले लोह उलट कमी असते, हेही इथे ध्यानात ठेवावे.

घरच्यांचा हमखास गोंधळ होतो तो खाण्यापिण्यावरून. मेंदूत साचणारे प्रथिन पेशी स्वतः तयार करतात, त्यामुळे डाळ किंवा अंडी सोडून ते घटत नाही. प्रथिनयुक्त जेवणाचा संबंध आहे तो लिव्होडोपाशी: प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्ले आणि हे औषध यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला वाट एकच, म्हणून भरपेट वरणभातानंतर घेतलेली गोळी कमी लागू पडते. लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. पंडुरोग असेल तर त्या बंद करू नयेत. पण लोह पोटातच लिव्होडोपाला धरून बसते, म्हणून डॉक्टर दोन्ही गोळ्यांमध्ये काही तासांचे अंतर ठेवायला सांगतात.