किंचाळीतली खरखर जर्मनमध्ये कशी न्यायची?

ते रील सध्या परत फिरतंय, ज्यात इंग्रज माणूस लाडात 'बटरफ्लाय' म्हणतो, फ्रेंच बाई 'पापियाँ' म्हणते आणि मग जर्मन माणूस डोळे वटारून 'श्मेटरलिंग!!' असं खेकसतो. मी जर्मन शिकवते त्यामुळे दर नव्या बॅचला कुणीतरी हे दाखवतंच, आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तसं खेकसून म्हटलं तर 'फुलपाखरू' पण शिवीच वाटेल की. उलट आरडाओरड्याच्या बाबतीत ही भाषा इतकी कान देऊन ऐकते की इंग्रजीतला एक शब्द तिच्यात न्यायचा तर आधी विचारावं लागतं, आवाज कुणाचा आणि कसा?

'रोअर' घ्या. सिंह असेल तर ब्र्युलन, खवळलेला समुद्र असेल तर टोझन, इंजिन असेल तर ड्र्योनन आणि माजावर आलेलं नर हरीण असेल तर र्‍योरन, जो खरं तर 'रोअर'चाच सख्खा भाऊ आहे पण जर्मनीत मुख्यतः हरणाकडेच राहिला. मराठी पोरांना हे लगेच पटतं. वाघाची डरकाळी, समुद्राची गाज, ढगांचा गडगडाट, 'समुद्राने डरकाळी फोडली' असं कोण म्हणतं?

घोळ होतो तो 'स्क्रीम'ला. मी एकदा वाक्य दिलं होतं की ब्रेक्सनी 'स्क्रीम' केलं आणि तिनेही 'स्क्रीम' केलं, आणि एकाने दोन्हीकडे 'श्रायन' लिहिलं. तिच्यासाठी चालेल, कारण श्रायन म्हणजे ओरडणं, मग ते भुकेलं बाळ असो, संतापलेला माणूस असो की दुखणारा पेशंट. पण ब्रेकसाठी लागतं 'क्रायशन', उंच, चिरका, कानाला ओरखडा काढणारा आवाज. बाईही त्या जातीचं किंचाळली असेल तर तिलाही क्रायशनच. हा ओरखडा नुसती कल्पना नाही, तो मोजता येतो, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

शाळेत पीटीच्या सरांची शिट्टी आठवा, आत गोळी असलेली. गोळी अडकली की ती नुसती सूंऽऽ वाजते, आणि गोळी फिरायला लागली की फर्रर्रर्र, अख्खं मैदान वळून बघतं. सूर जवळपास तोच असतो, फक्त गोळी हवेची वाट सारखी अडवते-सोडते म्हणून आवाज भराभर लहान-मोठा होत राहतो. (जर्मनमध्ये या शिट्टीला ट्रिलरफाइफ म्हणतात.) किंचाळताना घशात असंच काहीसं होतं. एरवी स्वरतंतू शिस्तीत उघडमीट करतात, पण फुप्फुसांतून हवा जोरात रेटली आणि तंतू ताणले की शिस्त मोडते, दोन्ही तंतूंचा ताल जुळत नाही आणि आवाजाचा जोर वेडावाकडा थरथरतो. साध्या बोलण्यात हा जोर शब्दांच्या तुकड्यांबरोबर सेकंदाला साधारण 4-5 वेळा वरखाली होतो, किंचाळीत मात्र 30 ते 150 वेळा! ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की हा पट्टा बोलण्यात जवळजवळ रिकामाच असतो, किंचाळ्या आणि धोक्याचे भोंगे मात्र तोच वापरतात, आणि खरखर जितकी जास्त तितका मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती-धोका टिपणारा भाग, जास्त जागा होतो.

ही खरखर सगळ्यात आधी नीट अभ्यासली ती जर्मनांनीच. दोन जवळजवळचे सूर एकत्र वाजले की जे ठोके ऐकू येतात ते फार जलद झाले की वेगवेगळे न वाटता खरखर वाटतात, हे हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने 1863 मध्ये मांडलं. पुढे म्युनिकच्या एबरहार्ट त्स्विकरच्या कामातून त्याचं एकक रूढ झालं, 'आस्पर', म्हणजे लॅटिनमध्ये खडबडीत. 1000 हर्ट्झचा सूर, 60 डेसिबल, आणि त्याचा जोर सेकंदाला 70 वेळा पूर्ण शून्यापर्यंत खाली-वर केला की खरखर 1 आस्पर. त्याहून फार हळू केलं तर नुसते हेलकावे ऐकू येतात आणि फार जलद केलं तर कानाला चढउतार पकडता येत नाहीत, खरखर विरून जाते.

हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर, 528 हर्ट्झचं संगीत ऐकून डीएनए दुरुस्त होतो असे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येतात, त्याला काहीही आधार नाही. कृपा करून आजारी माणसाला असले व्हिडिओ पाठवू नका, डॉक्टरकडे न्या.

आणि जर्मनमधला तो 'ख'? इंग्रजी 'क्रॅक' तिकडे 'क्राखन' होतो, म्हणजे कडाडणं, आणि लोक म्हणतात बघा किती रागीट. पण त्याच नियमाने 'मेक'चं 'माखन' झालं आणि 'बुक'चं 'बूख', आणि पुस्तक कुठे ओरडतं? साधारण दीड हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या बोलींत स्वरानंतरचा 'क' घासून 'ख' झाला, सरसकट, शब्दाचा अर्थ न बघता. उत्तरेकडच्या प्लाटडॉइच बोलीत आजही 'माकन' आणि 'बोक' आहे. उत्तरेचे लोक शांत आणि दक्षिणेचे रागीट असं तर कुणी म्हणत नाही ना.

'नॉइज'साठी जो 'लेर्म' शब्द आहे, तो 'अलार्म'चंच डोकं उडवून झालाय, मूळ इटालियन हाक, 'शस्त्रं उचला!'. म्हणजे गोंगाट आणि धोका जर्मनमध्ये एकाच घरातले.

पण सगळ्या किंचाळ्या धोक्याच्या नसतात. झुरिकमध्ये साशा फ्र्यूहोल्ट्सच्या गटाने 2021 मध्ये सहा प्रकारच्या किंचाळ्या लोकांना ऐकवल्या, त्यांत वेदना, राग, भीती होती तसा आनंदही होता. अपेक्षा होती की भीतीची किंचाळी सगळ्यात आधी ओळखली जाईल, पण लोकांनी आनंदाच्या किंचाळ्या जास्त पटकन आणि अचूक ओळखल्या. इंग्रजीत त्यालाही 'स्क्रीम' चालतं. जर्मनमध्ये त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'याउखत्सन', बाळाला वर उडवून झेललं की ते जे ओरडतं ना, ते.