रोज चालणारी स्पोर्ट्स कार आणि आपल्याकडचे रस्ते

पुणे-बेंगळुरू महामार्गावर वंटमुरी घाटाच्या वळणात गाडी जराशी कलली, की स्पोर्ट्स कारच्या मालकाच्या मनात पहिल्यांदा स्प्रिंगचाच विचार येतो. गाडी दीड इंच खाली घ्यावी, कडक स्प्रिंगा टाकाव्यात, म्हणजे ती रस्त्याला चिकटून चालेल असं त्याला वाटतं. पण तीच गाडी रविवारी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरणार असते, पावसाळाभर खानापूरच्या बाजूचे खड्डे सोसणार असते आणि रोज गावागावातले उभे हंप ओलांडणार असते. अशा गाडीवर पैसे घालायचे तर आधी टायर आणि शॉकअपवर घालावेत, आणि उंचीला शक्यतो हातच लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण स्प्रिंगच्या गणितात आहे. जितका भार, तितकी स्प्रिंग दबते, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. वरचं वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा यांच्यावरून गाडी एका सेकंदात किती वेळा वरखाली झुलेल हे ठरतं. हीच तिची नैसर्गिक वारंवारता. घरच्या साध्या गाडीची ती साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते, कंपनीतून आलेल्या स्पोर्ट्स कारची १.५ ते २ च्या आसपास. उभी गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर किती दबलेली आहे, हेही या आकड्यावरून कळतं. चाकापाशी मोजलं तर १.५ हर्ट्झला सुमारे ११ सेंटिमीटर, आणि २ हर्ट्झला जेमतेम ६.

या दोन आकड्यांतला फरक खड्ड्यात कळतो. चाक खड्ड्यात उतरतं ते स्प्रिंग त्याला खाली ढकलते म्हणून. पहिल्या गाडीत तो जोर ११ सेंटिमीटरपर्यंत पुरतो, दुसरीत ६ सेंटिमीटरवर संपतो. खड्डा त्याहून खोल असेल, तर टायर रस्ता सोडतो. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिनाची ताकद हे सगळं टायरच्या तळहाताएवढ्या भागातून रस्त्यावर पोचतं. तो भागच हवेत असेल तर कडक स्प्रिंगचा काय उपयोग? शर्यतीचा ट्रॅक गुळगुळीत असतो म्हणून तिथे ती चालते.

गाडी खाली घेण्याचा फायदाही वाटतो तेवढा मोठा नसतो. समजा, १,४०० किलोची गाडी आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आणि दोन चाकांमधलं अंतर १५५ सेंटिमीटर. जोरात वळण घेताना गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट बाजूचा जोर आला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३६० किलोचा भार सरकतो. गाडी ३ सेंटिमीटर खाली घेतली तर तो सुमारे ३४० होतो, म्हणजे सहा टक्क्यांचा फरक. एकूण किती भार सरकणार, या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा येतच नाही. तो फक्त गाडी किती कलेल, आणि पुढची-मागची चाकं तो भार कसा वाटून घेतील, एवढंच ठरवतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. त्यात गाडी खाली घेतली की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. या दोन बिंदूंमधलं अंतर, म्हणजे कलण्याची तरफ, त्यामुळे उलट लांबते.

शिवाय चाकाला वर जायची जागा कमी होते. रबरी स्टॉपर लागेपर्यंत ७ सेंटिमीटर जागा असेल, तर त्यातली ३ आधीच गेली. चोर्ल्याच्या ओल्या वळणात बाहेरचं चाक स्टॉपरवर आदळलं, की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी वाढतो आणि पकड अचानक सुटते. हे मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं, कारण चालवणाऱ्याला त्याची आधी चाहूलच लागत नाही.

आता शॉकअप. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. शॉकअप त्या ऊर्जेची उष्णता करून टाकतो. आत तेल, पिस्टन आणि पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं काम केलेल्या माणसाला तो उघडून दाखवला, तर अर्ध्या मिनिटात सगळं उमगेल. कळीची गोष्ट आहे ती पिस्टनच्या वेगाची, गाडीच्या वेगाची नव्हे. वळणात गाडी कलते किंवा ब्रेक लावल्यावर नाक खाली जातं, तेव्हा पिस्टन सावकाश सरकतो, सेकंदाला दहाएक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. खड्ड्याच्या काठावर चाक आपटतं तेव्हा तोच वेग सेकंदाला एक मीटरच्या वर जाऊ शकतो. सावकाश हालचालीला भरपूर विरोध हवा, म्हणजे गाडी आटोक्यात राहते. वेगवान हालचालीला तो विरोध त्याच प्रमाणात वाढता कामा नये, नाहीतर धक्का थेट बॉडीत येतो. चांगल्या शॉकअपचे व्हॉल्व्ह कुकरच्या शिट्टीसारखे वागतात: ठरावीक दाबापर्यंत धरून ठेवतात आणि त्यापुढे वाट मोकळी करतात. आपल्याला पैसे मोजायचे आहेत ते या गुणासाठी.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी. त्या वेगात तो पार करायला अर्धा सेकंद लागतो. स्प्रिंगला तेवढा वेळ पुरतो. गावातला हातभर रुंदीचा हंप त्याच वेगात सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात चाकाखालून जातो, आणि तिथे सगळा भार शॉकअपच्या व्हॉल्व्हवर येतो.

म्हणून गाडी ७०-८० हजार किलोमीटर चालली असेल, तर मेस्त्रींना आधी जुने शॉकअप तपासायला सांगा. तेल पाझरतंय का, बुश फाटलेत का, लिंक रॉड वाजतोय का? पुष्कळदा ‘गाडी ढिली झाली’ ही तक्रार इथेच मिटते. नवीन घेताना मोनोट्यूब (एकाच नळीच्या) प्रकारचे, मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी बनवलेले घ्यावेत. त्यांत दाबाखालचा नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात असतो, त्यामुळे लांब घाटातही तेलाला सहसा फेस येत नाही. स्प्रिंग बदलायचीच असेल तर फार तर ३० टक्के कडक. तेवढ्याने वारंवारता १४ टक्केच वाढते, कारण ती कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. पण पुढची-मागची जोडी एकाच संचातली हवी. १९३० च्या दशकात अमेरिकेत काम करताना अभियंते मॉरिस ऑली यांनी दाखवलं, की मागच्या स्प्रिंगांची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त असली तर उंचवट्यानंतर गाडीचं डुलणं लवकर थांबतं. मागची चाकं उंचवट्यावर उशिरा येतात, आणि जरा भरभर झुलून पुढच्यांना गाठतात. फक्त पुढे कडक स्प्रिंगा टाकल्या की हा मेळ बिघडतो आणि महामार्गावर गाडी घोड्यासारखी उसळू लागते.

कलणं कमी करायला अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळला जाणारा पोलादी दांडा, हा मला जास्त पटणारा उपाय. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो जवळजवळ कामच करत नाही, म्हणजे हंपावर त्रास नाही. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: २२ मिलिमीटरचा बार २४ चा केला की ४० टक्क्यांहून जास्त. मात्र एकाच बाजूच्या खड्ड्यात धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत फक्त मागचा बार जाड केला, तर पावसात वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर शेपूट सरकू शकतं. नवख्या चालकाने त्या वाटेला जाऊ नये.

टायरबद्दल थोडक्यात. २०५/५५ आर १६ टायरची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर असते, २२५/४० आर १८ ची ९०. ही भिंत म्हणजे पहिली स्प्रिंगच. मोठी रिम लावून ती कमी करू नका. त्याच मापाचा चांगल्या रबराचा टायर घ्या. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलांपेक्षा वेगळं ठरेल असा बदल करता येत नाही, म्हणून काहीही उघडण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्यावं.

खर्चाआधी एक साधी चाचणी करता येते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सरकवून ठेवा. मग रोजच्या रस्त्याने, रोजच्या माणसांसह आणि सामानासह गाडी चालवा. चाक जितकं वर गेलं, तितकी टाय दांड्यावर वर सरकलेली दिसेल. ती स्टॉपरपर्यंत पोचली असेल, तर सध्याच्या उंचीतच जागा संपते आहे आणि खाली घ्यायचा विषय तिथेच मिटला. दोन-तीन सेंटिमीटर शिल्लक असतील, तर मूळ उंचीवर चांगले शॉकअप बसवा, चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि त्याच रस्त्यावर टाय पुन्हा तपासा.