भेंडीचा केवडा आणि पुनर्नवेचा रस: पार्श्वभूमी

पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान आणि शेवटी भेंडीही. या विषाणूजन्य रोगाला आपल्याकडे केवडा म्हणतात. त्याची पहिली नोंद १९२४ सालची, तीही मुंबई इलाख्यातली. पांढरी माशी तो पसरवते हे सिद्ध व्हायला मात्र १९५० उजाडले.

त्या पहिल्या नोंदीनंतर वर्षभरातच अमेरिकेत डग्गर आणि आर्मस्ट्राँग या दोन शास्त्रज्ञांना एक गंमत आढळली. मोझॅक या विषाणुरोगाने ग्रासलेल्या तंबाखूच्या रसात पोकवीड नावाच्या रानटी झाडाचा रस मिसळला, की रोगाची लागण होईना. विषाणू नेमका असतो कसा हेच तेव्हा ठाऊक नव्हते, अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅनली यांनी तो स्फटिकरूपात मिळवला १९३५ मध्ये. त्यामुळे अशा रसांकडे औषध म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. प्रयोगशाळेत एका झाडाचा विषाणू दुसऱ्यावर टोचताना ते आड येत, म्हणून उलट कटकटच वाटे.

नंतर कळले, की पोकवीडमधला गुण एका प्रथिनाचा आहे. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमलाच ते निकामी करते. एरंडाच्या बीतले जहाल रिसिनही याच जातकुळीतले. वनस्पतीचा रस म्हणजे निरुपद्रवीच, असे मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. गुलबक्षीतही याच प्रकारचे विषाणुरोधी प्रथिन सापडले.

भारतात या कामाला खरे वळण मिळाले ते लखनौ विद्यापीठात. एच. एन. वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनर्नवेच्या, म्हणजे आपल्या घेटुळीच्या, मुळांचा अर्क तपासला. १९७९ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा अर्क विषाणूला मारत नाही, झाडालाच सावध करतो. खालच्या पानांवर तो लावला, तरी न लावलेली वरची पाने काही तासांत लागण रोखू लागतात. म्हणूनच तो रोग येण्याआधी, रोपे लहान असताना द्यावा लागतो. केवडा दिसल्यावर फवारणी करून पिवळे पान हिरवे होत नाही.

शेतात मात्र घेटुळीपेक्षा कडुनिंबच पुढे गेला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात दिसले, की निंबोळीचे द्रावण फवारलेले पीक टोळ खात नाहीत. आज मिरचीच्या चुरडा-मुरड्यावर, म्हणजे पाने आकसून वळण्याच्या रोगावर, शेतकरी ५ टक्के निंबोळी अर्क मारतो, त्याचा रोख विषाणूवर नसून फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर असतो. दहा वनस्पतींच्या पाल्यापासून केलेल्या दशपर्णी अर्काचेही तेच. झाडाला सावध करणे आणि कीड रोखणे हे दोन मार्ग वेगळे आहेत, पण सल्ला देणारे सर्रास दोन्हींना ‘व्हायरसचे औषध’ म्हणतात, आणि फसगत तिथेच होते.

मधल्या काळात भिस्त रोगाला दाद न देणाऱ्या वाणांवर राहिली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात रानभेंडीशी संकर करून काढलेल्या ‘परभणी क्रांती’ने केवड्याला बरीच वर्षे दाद दिली नाही. पुढे तिच्यावरही रोग दिसू लागला. त्याआधी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचेही असेच झाले होते. वाण असे थकत गेले, तशी अर्कांची चर्चा पुन्हा सुरू झाली. अडचण एवढीच, की ताज्या अर्काचा परिणाम थोडेच दिवस टिकतो, म्हणून फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि एकरभर भेंडीला पुरतील इतकी घेटुळीची मुळे बांधावर मिळत नाहीत.