दुसऱ्या डिग्रीची नर्सिंग: बॅचलर्स की मास्टर्स, हा घोळ कुठून आला

अमेरिकेत ज्यांच्याकडे आधीच दुसऱ्या कुठल्या तरी विषयाची डिग्री आहे त्यांच्यासाठी जे वर्ष-दीड वर्षाचे अ‍ॅक्सिलरेटेड नर्सिंग कोर्स चालतात, त्यांची सुरुवात १९७१ पासून धरायची पद्धत आहे. त्या वर्षी सेंट लुईसमधल्या एका विद्यापीठाने असा पहिला बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स डिग्री) कोर्स काढला. कल्पना जुनीच. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या उन्हाळ्यात, हडसन नदीकाठच्या एका मुलींच्या कॉलेजात चारशेहून जास्त ग्रॅज्युएट मुलींना बारा आठवडे थिअरी शिकवली आणि मग हॉस्पिटलात पाठवलं, तिथे बाकीच्यांची तीन वर्षं लागायची तिथे यांची दोनच. म्हणजे कॉलेज करून आलेल्या माणसाला पुन्हा पहिलीपासून बसवायची गरज नाही हे तेव्हाच पटलेलं होतं. युद्ध संपलं आणि तो कोर्सही संपला.

१९७१ नंतरही फार काही घडलं नाही. १९९० मध्ये अख्ख्या देशात असे बीएसएन कोर्स ३१ होते. त्यामुळे खरी गोष्ट पुढची आहे. पण त्याआधी एक भांडण समजून घ्यायला हवं, कारण आजही प्रवेश घेणारा माणूस त्यातच अडकतो: ज्याच्याकडे बीए किंवा बीएस्सी आहे, त्याला नर्सिंग शिकवून झाल्यावर द्यायचं काय? परत एक बॅचलर्स, की मास्टर्स?

न्यू हेवनच्या एका जुन्या विद्यापीठाने १९३४ मध्येच ठरवलं होतं की आमच्याकडे यायचं तर आधी डिग्री आणा, आणि बाहेर पडताना मास्टर्स घेऊन जा. हे वीसेक वर्षं चाललं, पन्नाशीच्या दशकात बंद पडलं, आणि १९७४ मध्ये तीन वर्षांच्या वेगळ्या रूपात परत आलं. क्लीव्हलंडमध्ये तर १९७९ ला थेट डॉक्टरेटच सुरू केली, की डॉक्टर, वकील जसे आधी कॉलेज करून मग धंद्याचं शिक्षण घेतात आणि वरची पदवी घेऊन बाहेर पडतात तसंच नर्सनेही करावं. कागदावर हा युक्तिवाद चांगलाच आहे. अडचण वॉर्डात. लायसन्सची परीक्षा सगळ्यांना एकच, दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज केलेल्यालाही तीच आणि मास्टर्सवाल्यालाही तीच, आणि पहिल्या दिवशी दोघंही तितकेच नवखे. नावापुढे मास्टर्स आहे म्हणून आयव्ही (सलाईनची सुई) लवकर लागत नाही.

याच्या मागे १९६५ चा एक ठराव आहे. प्रोफेशनल नर्स म्हणवून घ्यायचं तर किमान बॅचलर्स हवी, असं तेव्हा राष्ट्रीय पातळीवर जाहीर झालं आणि हॉस्पिटल स्कूलमधून डिप्लोमा केलेल्यांना ते झोंबलं. सक्तीचा कायदा फक्त नॉर्थ डकोटात आला, १९८७ मध्ये, तोही २००३ ला मागे घेतला. पण ठरावाने एक झालं, नर्सिंगची सगळी चर्चा पदवीच्या पायरीवर जाऊन बसली. मग दुसऱ्या डिग्रीवाल्यांसाठी नवी पायरी कोरायचा मोह कुणालाच आवरला नाही. २००३-०४ च्या सुमाराला क्लिनिकल नर्स लीडर नावाची एक नवी भूमिका मांडली गेली, मास्टर्सची, आणि काही विद्यापीठांनी बाहेरून आलेल्यांना सरळ तिकडे घातलं. बेडसाइडला एक दिवस न काढलेला माणूस युनिटचा लीडर कसा, हा जुन्या नर्सेसचा प्रश्न होता आणि मला तरी त्याचं धड उत्तर कधी ऐकायला मिळालेलं नाही.

आणि मग पैसा, जो या वादात फारसं कुणी उघड बोलत नाही. फेडरल पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, पहिल्या बॅचलर्सपुरतीच. दुसरी बॅचलर्स करताय तर ग्रँट शून्य, आणि अंडरग्रॅज्युएट कर्जाची आयुष्यभराची मर्यादा ५७,५०० डॉलर, त्यातली बरीचशी पहिल्याच डिग्रीत उडालेली असते, वर्षाला मिळणार जास्तीत जास्त १२,५००. तोच माणूस, तीच अ‍ॅनाटॉमी, तेच क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिक्षण), पण कोर्सचं नाव मास्टर्स असलं की वर्षाला २०,५०० आणि २००६ पासून ग्रॅड प्लस नावाचं कर्ज वेगळं, ज्यात कोर्सचा सगळा खर्च बसायचा. आता विद्यापीठाला काय सोयीचं आणि विद्यार्थ्याला काय जवळचं वाटणार हे सांगायला नको.

बूम आला तो २००० नंतर. १९९५ ते २००० नर्सिंगचे प्रवेश सलग घसरत होते, हॉस्पिटलांना माणसं मिळेनात, कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्स-पेशंट रेशोचा (एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट) कायदा केला जो २००४ पासून लागू झाला, त्यात डॉट-कॉम बुडालेलं. नेहमीच्या डिग्रीसाठी चार वर्षं कुणाला थांबायला वेळ नव्हता आणि नोकरी गेलेल्या ग्रॅज्युएटांनाही नव्हता. २०१० च्या आसपास हे बीएसएन कोर्स दोनशेच्या वर गेले. मधल्या काळात, २००८ ते २०१५, एका मोठ्या फाउंडेशनच्या पैशातून अशा विद्यार्थ्यांना माणशी १०,००० डॉलरच्या साधारण साडेतीन हजार स्कॉलरशिप दिल्या गेल्या, बॅचलर्स आणि मास्टर्स दोन्हीकडे. २०१० मध्ये एका राष्ट्रीय अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बॅचलर्स असाव्यात असं लक्ष्य ठेवलं, त्यानंतर मोठी हॉस्पिटलं भरतीच्या जाहिरातीत बीएसएन लिहायला लागली. गंमत म्हणजे बाहेरून येऊन थेट मास्टर्स केलेल्यांच्या हातात नेमकं तेच बीएसएन नव्हतं.

"बारा महिन्यांत नर्स" ही जाहिरात याच काळातली. त्या बारा महिन्यांत प्रीरिक्विझिट्स (प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय) धरलेले नसतात, म्हणजे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स वगैरे. इंग्लिश लिटरेचर करून आलेल्याचं यातच एक वर्ष जातं, आणि सायन्सवाल्याचेही विषय पाच-सात वर्षांपूर्वीचे असले तर बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, परत करा. वेग येतो तो आधीच्या डिग्रीची क्रेडिट्स धरल्यामुळे आणि सुट्ट्या कापल्यामुळे, नर्सिंगचा अभ्यास काही कमी होत नाही.

२०११ मध्ये केंद्र सरकारच्या एका खुलाशाने ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या खाजगी कंपन्यांना फीमध्ये वाटा घ्यायची वाट मोकळी केली, प्रवेश आणायचं काम सेवांच्या पॅकेजचा भाग असेल तर. त्यानंतर थिअरी ऑनलाइन, लॅब कुठल्या तरी ऑफिस पार्कमध्ये, असं मॉडेल पसरलं. २०१४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे अर्ध्यापर्यंत तास सिम्युलेशनमध्ये (खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यांवर वगैरे सराव) केले तरी निकाल सारखेच येतात असं दिसलं, त्याने या मॉडेलला आणखी बळ मिळालं. अट अशी होती की सिम्युलेशन चांगलं हवं, शिकवणारे तयार हवेत. ती अट जाहिरातीत कुठे दिसत नाही. शिकवणाऱ्यांचीच तर टंचाई: २०२१ मध्ये बॅचलर्सपासून वरच्या नर्सिंग कोर्सचे सुमारे ९२ हजार पात्र अर्ज परत गेले. अर्ज हं, माणसं नाहीत, एकेक जण पाच-सहा ठिकाणी अर्ज करतो.

२०२५ च्या कायद्याने आता जुना हिशोबच उलटा केलाय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस बंद. साध्या मास्टर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर, आणि ज्यांना प्रोफेशनल डिग्री म्हटलंय त्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. प्रोफेशनलच्या यादीच्या सरकारी मसुद्यात नर्सिंग नव्हतं, त्यावरून २०२५ च्या शेवटी बराच गदारोळ झाला. विद्यार्थ्याच्या अंडरग्रॅज्युएट कर्जाच्या मर्यादेला मात्र हात लागला नाही, ५७,५०० तशीच आहे. म्हणजे कर्ज सोपं पडतं म्हणून जे मास्टर्सकडे वळायचे त्यांचं ते कारण बरंचसं गेलं, आणि दुसऱ्या बॅचलर्सवाल्यांना तर तसं सोपं कर्ज कधी मिळालंच नव्हतं.