तीनशे साठ की तीनशे आठ? कॉल रेकॉर्डिंगमधे नक्की काय साठतं

तासगाव भागात द्राक्षाचा सीझन चालू झाला की निम्मे सौदे फोनवरच होतात, चार किलोच्या पेटीला अमुक दर, गाडी अमुक दिवशी, आणि पैसे द्यायच्या वेळी दर फिरतो. म्हणून हल्ली बरेच बागायतदार कॉल रेकॉर्डिंग कायम चालूच ठेवतात. बरोबरच आहे. फक्त त्या फाइलमधे व्यापाऱ्याचा आवाज जसाच्या तसा पडलेला असतो, हे काही खरं नाही.

आपल्या बोलण्यात साधारण 100 हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) पार 8000 च्या वरपर्यंतची कंपनं असतात. साध्या कॉलमधे त्यातला 300 ते 3400 एवढाच पट्टा जातो, लँडलाइनच्या काळापासूनचा हिशोब आहे हा, आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. आता पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो 120 च्या आसपास, म्हणजे तो कॉलमधे येतच नाही! तरी काकांचा आवाज फोनवर जाडच लागतो, कारण 360, 480, 600 असे पटीतले सूर कानावर पडले की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

वरच्या बाजूला मेंदूचं असं काही चालत नाही. 'स' ची सळसळ बरीचशी 4000 हर्ट्झच्या वर असते, ती कापली जाते. गप्पांमधे चालून जातं, 'सांगली' ला कोणी 'आंगली' ऐकत नाही. पण दराला मागचापुढचा संदर्भ कुठला? 'तीनशे साठ' आणि 'तीनशे आठ' यात पेटीमागे 52 रुपये जातात, त्यामुळे 'तीन सहा शून्य, बरोबर ना?' असं कॉलवरच वदवून घ्यावं.

मोबाइल तर याच्याही पुढे जातो. तो बोलण्याचे 20 मिलिसेकंदाचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात घसा कसा कंपतोय, तोंडाचा आकार काय आहे याचे आकडे काढतो आणि मुख्यतः ते आकडेच पाठवतो, पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्याने तयार करतो. भडंगाचा पुडा न पाठवता नुसती कृती पाठवल्यासारखं. गाण्याला घसा-तोंडाचं गणित लागू पडत नाही म्हणून होल्डवरचं म्युझिक एवढं भेसूर लागतं. दोन्हीकडे व्होल्टी (VoLTE, म्हणजे 4G वरून जाणारा कॉल) असेल तर पट्टा 50 ते 7000 पर्यंत रुंदावतो आणि 'स' बराचसा वाचतो.

रेकॉर्डिंगसाठी बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपची गोष्ट वेगळी. पलीकडचा आवाज थेट कानाच्या स्पीकरकडे जातो, त्या वाटेत हात घालायची परवानगी अँड्रॉइडमधे फक्त फोनच्या स्वतःच्या सिस्टीम अ‍ॅपना आहे. बाकीच्यांनी अ‍ॅक्सेसिबिलिटीची (अपंगांसाठी फोनमधे दिलेल्या सोयींची) पळवाट शोधली होती, गूगलने मे 2022 मधे प्ले स्टोअरवर तीही बंद केली. आता ती माइकवर जे पडेल तेवढंच घेतात, म्हणून आपलंच बोलणं मोठं आणि समोरचा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. आयफोनमधे रेकॉर्डिंगची सोय आली ऑक्टोबर 2024 ला, iOS 18.1 मधे, पण ती सुरू केली की दोघांनाही तशी सूचना ऐकू जाते.

वाद कोर्टात गेलाच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते. फाइलमधल्या सगळ्या बिट्सवरून गणिताने काढलेला हा आकडा. फाइलचं नाव बदला, तो तोच राहतो, पण सुरुवातीची खोकल्याची दोन सेकंदं जरी छाटली तरी पूर्ण वेगळा येतो, त्यामुळे मूळ फाइल आहे तशी ठेवायची आणि काटछाट करायचीच असेल तर कॉपीवर करायची.