कोकणात मालकीच्या रानातली झाडं तोडायची परवानगी : अर्ज, कागदपत्रं आणि अडणाऱ्या गोष्टी

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याकडे फार थोडी जमीन आहे. डोंगरउतारावरचं बहुतेक जंगल खासगी मालकीचं, आणि जळाऊ लाकूड, कोळसा, काताचा खैर यांची मागणी याच रानांवर येऊन पडते. रान स्वतःचं असलं तरी आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशा अनुसूचित झाडांना १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ग्रामीण भागात चौकशी वनक्षेत्रपाल कार्यालयात करा. शहर हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो आणि अर्ज नगरपालिकेकडे जातो.

अर्ज मालकानेच करावा. ठेकेदाराला कोऱ्या कागदावर सही देऊन ‘बघ तूच काय ते’ म्हणू नका. जादा झाडं पडली तर जाब मालकालाच द्यावा लागतो. अर्जात गट नंबर, झाडांच्या जाती, संख्या, छातीच्या उंचीवरचा घेर आणि तोडीचं कारण लिहा. सोबत ताजा सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, ओळखपत्र आणि सहहिस्सेदारांची संमतीपत्रं जोडा. पोच घेताना तारीख आणि शिक्का बघून घ्या.

कोकणातले अर्ज अडतात ते बहुतेक सातबाऱ्यावर. एका गटावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली आणि वारस नोंद झालेलीच नाही. एका भावाने अर्ज केला आणि गणपतीत आलेल्या दुसऱ्याने हरकत घेतली की प्रकरण थांबलं. म्हणून आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा, संमतीपत्रं चाकरमानी गावात असतानाच घ्या. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव असेल तर तेही आधी निस्तरा. हद्द ‘गडग्यापर्यंत’ (दगडी बांधापर्यंत) एवढ्यावर भागवू नका. गडगा आणि नकाशा जुळतीलच असं नाही. शंका असेल तर मोजणी करून घ्या.

इतर हक्कांच्या त्याच रकान्यात ‘खाजगी वन’, ‘कलम ३५’ (भारतीय वन कायद्याचं) किंवा सिंधुदुर्गात ‘वनसंज्ञा’ अशी, म्हणजे जमीन सरकारदरबारी वन धरल्याची नोंद दिसली, तर हा साधा अर्ज चालत नाही. तिथे वन संवर्धन कायदा, १९८० आडवा येतो. खाडीकाठच्या कांदळवनाचा तर विचारच सोडा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये ही तोड थांबवली आहे आणि ते खासगी जमिनीलाही लागू आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातही २०१३ पासून न्यायालयाची वृक्षतोडबंदी आली. तिथल्या गावाची स्थिती वनखात्याकडून लेखी घ्या.

खातेदार अनुसूचित जमातीचा असेल तर त्याने ठेकेदाराशी थेट सौदा करू नये. त्याच्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

पाहणीला वनपाल, वनरक्षक येतात तेव्हा स्वतः हजर राहा. झाडांवर आधीच रंगाने नंबर टाकून यादीशी जुळवून ठेवा. मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जीविताला धोकादायक झाड असेल तर परवानगी नाकारता येत नाही, म्हणून ते कारण फोटोसह स्पष्ट लिहा. मात्र पोकळ झाड ‘कामाचं नाही’ म्हणून यादीत घालू नका. धनेश पक्ष्याची मादी उन्हाळ्यात अशाच मोठ्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते, नर बाहेरून फळं भरवतो. ढोलीचं तोंड चिखल-विष्ठेने बंद होऊन बारीक फट उरली असेल तर आत घरटं आहे. वन्यजीव कायद्याचा प्रश्न तर येतोच, पण ढोलीची झाडं गेल्यावर हा पक्षी तिथे परत घरटं करत नाही.

तोडीची परवानगी म्हणजे वाहतुकीची नव्हे. माल हलवण्याआधी वाहतूक परवाना वेगळा घ्यावा लागतो. त्यात लिहिलेलं माप आणि गाडीतलं माप जुळलं नाही तर गाडी नाक्यावर अडकते. खासगी जमिनीतला बांबू २०१७ पासून वन कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ राहिलेला नाही, तरी नेण्याआधी स्थानिक नियम विचारून घ्या.

तोडताना बुंधा जमिनीलगत, तिरका कापा, म्हणजे पाणी साचत नाही. ऐन, किंजळ यांना पावसात धुमारे फुटतात आणि मुळं उतार धरून ठेवतात. जेसीबीने मुळं उपटली की पहिल्या मोठ्या पावसात माती खालच्या वाफ्यांत येते. आदेशात बदली लागवडीची अट असेल तर पहिल्या पावसानंतर त्याच जातीची किंवा स्थानिक रोपं लावा आणि नंबर दिसेल असे फोटो फाइलला ठेवा. पुढच्या अर्जाच्या वेळी तेच विचारलं जातं.